बटणं कुठे गेली?

परवा भाच्याच्या नव्या गाडीतून वाईला निघालो होतो. खंबाटकी घाटात पावसाने गाठलं आणि समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. भाचा एका हाताने स्टिअरिंग धरून त्या भल्यामोठ्या स्क्रीनवर बोट फिरवायला लागला. आधी गाणी आली, मग नकाशा, मग आणखी काहीतरी. "अरे, समोर बघ!" मी ओरडलो. तर म्हणतो, "मामा, आता सगळं स्क्रीनवरच असतं. स्मार्ट गाडी आहे."

डोंबलाची स्मार्ट! माझ्या जुन्या गाडीत वाफ घालवायला एक बटण फिरवलं की झालं. अंधारातही हाताला सापडायचं. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे बघतो का? बोटांना जागा ठाऊक असतात. गुळगुळीत काचेवर बोटांना काय कळणार? तिथे डोळेच न्यावे लागतात, आणि डोळे तर रस्त्यावर हवेत.

हे म्हातारपणाचं रडगाणं नाही, मंडळी. २०२२ साली स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या गाड्यांच्या मासिकाने चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात चालकाने चार साधी कामं करायची, त्यात वाफ घालवणंही होतं. २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली. स्क्रीनच्या एका नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी १३७२ मीटर पुढे गेली होती! आणि चालकांना आधी सरावाला वेळही दिला होता.

"वापरणाऱ्याचा अनुभव" केंद्रस्थानी ठेवून गाडी आतून सजवली, असं कंपन्या सांगतात. कुठला अनुभव? शोरूममध्ये उभ्या गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाचा, की घाटात पावसात सापडलेल्या चालकाचा? नकाशाला स्क्रीन हवीच, मागचा कॅमेराही उत्तम. पण वायपर, दिवे, वाफ, हवा यांना हाताला लागणारं बटण हवं.

गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न वगैरेंसाठी खरी बटणं वा दांड्या नसतील तर गुण कापायचं ठरवलं. नापास होण्याची भीती दाखवल्याशिवाय कुणी अभ्यास करत नाही, हे मास्तराला नव्याने काय सांगायचं!

तेव्हा नवी गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये एवढंच करा : डोळे मिटा आणि वाफ घालवायचं बटण शोधा. नाही सापडलं तर उठून या.

बघा पटतंय का. भाच्याला पटलेलं नाही. असो.