हसणाऱ्यांच्या बाकावर

शाळेत आपली कशी फजिती झाली हे सांगणे हा आपल्या मराठी घरांतला एक जुना करमणुकीचा प्रकार आहे. शिंदे-होळकर-पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आणि येथेच मुरलेल्या घरांत तर तो फारच. जेवणे आटोपली, पानसुपारीचे तबक फिरू लागले, की कोणीतरी काका मांडी बदलतात आणि छडी, उलटी टोपी, फाटकी विजार यांची कथा सुरू होते. ती सर्वांना पाठ असते. तरीही ठरलेल्या जागी सगळे हसतात, आणि काकाही ठरलेल्या जागी थांबतात.

आमच्या घरातला तो काका मीच. गेली पन्नास वर्षे मी हा धंदा करीत आलो आहे, आणि माझ्याजवळचा माल वाईट नाही असे माझे मत आहे. वाचकांनी थोडा नमुना पाहावा.

आमचे घर फ्रीगंजमध्ये, टॉवरपासून हाकेच्या अंतरावर. माधवनगर हे त्या वस्तीचे दुसरे नाव. पण ते पत्रावर लिहायचे, टांगेवाल्याला सांगायचे नाव फ्रीगंजच. सरळ आखलेले रुंद रस्ते, त्यामुळे जुन्या शहरातील लोक आम्हांला थोडे शिष्ट समजत. मला मात्र शाळेत घातले ते रुळांच्या पलीकडे, जुन्या शहरात. साल १९५४. राज्य अजून मध्य भारताचे होते. वडिलांच्या जुन्या कोटातून बेतलेला कोट, काळी टोपी, टोपीखाली शेंडी, आणि आईने मुक्तहस्ताने थापलेले खोबरेल, अशा थाटात मी विद्येच्या दारी उभा राहिलो.

हेडमास्तर प्रेमळ होते. त्यांनी वाकून विचारले, "तो, शिक्षा लेने आये हो?" घरी आमच्याकडे शुद्ध मराठी. शिक्षा म्हणजे काय, हे मला चांगलेच माहीत होते. ती वडिलांच्या हातची अनेकदा झाली होती. मी मोठ्याने गळा काढला, "नहीं, नहीं, मैंने कुछ नहीं किया!" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हा बोध मला त्या दिवशी झाला. पुढे दोन्ही भाषांतील अर्थ तितकेसे वेगळे नाहीत असेही कळले, पण ते नंतर.

दुसरी गोष्ट गणिताच्या गुरुजींची. फळ्यावरचा हिशेब मला सुटेना. ते म्हणाले, "चेष्टा करो, बेटा, चेष्टा करो." चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कोठून ठाऊक? गुरुजींची आज्ञा म्हणून मी शेजारच्या मुलाकडे वळलो आणि त्याला वाकुल्या दाखविल्या. गुरुजींनी मग मला मराठी अर्थाने शिक्षा दिली.

तेव्हापासून मी वर्गात 'पंडितजी' झालो. कबड्डीत गडी वाटून घेताना मी उरत असे. शेवटी "पंडितजी को तुम ले लो" म्हणून दोन्ही पक्षांत रदबदली चाले. मधल्या सुट्टीत माझा डबा मी भिंतीकडे तोंड करून खात असे, कारण गुळांब्याला मुले काय म्हणत ते येथे लिहिण्याजोगे नाही.

उन्हाळ्यात पुण्याला मावशीकडे गेलो, की वाटे, आता आपण आपल्या माणसांत आलो. पहिल्याच दिवशी मी मावसभावाला विचारले, "तू काय करून राहिला आहेस?" झाले! त्या दिवसापासून घरी पाहुणा आला, की मला बैठकीत बोलावण्यात येई आणि ते वाक्य म्हणून दाखवावे लागे. लोक टाळ्या वाजवीत. ती दाद आहे, असे मी दोन उन्हाळे समजत होतो. उज्जैनला मी दक्षिणी, पुण्यात मी हिंदीवाला. मधल्या इटारसी स्टेशनावर तेवढा मी कोणाचाच नव्हतो आणि म्हणून सुखात होतो.

असा हा माल. आता मुद्द्याकडे येतो.

अशा आठवणींना मराठी वाङ्मयात मोठी परंपरा आहे. बडोद्यात पाली शिकविता शिकविता चिं. वि. जोशी यांनी चिमणराव उभा केला आणि बावळट म्हणून हसले गेलेल्या माणसाला घराघरात पाटावर बसविले. अत्र्यांच्या 'कऱ्हेचे पाणी'मध्ये सासवडचे बालपण आहे, पु. लं.च्या 'बिगरी ते मॅट्रिक'मध्ये तर प्रत्येकाला आपलीच शाळा सापडते. ही परंपरा मला प्रिय आहे. दुखलेल्या जागेवर स्वतःच हसण्याने ते दुखणे आपल्या मालकीचे होते. दुसऱ्याने ठेवलेले नाव आपणच सभेत सांगितले, की त्यातले विष उतरते.

गांधीजींची आठवण याच जातीची. राजकोटच्या शाळेत असताना ते इतके बुजरे होते, की शाळा सुटताच घराकडे धूम ठोकीत. वाटेत कोणी बोलेल, कोणी थट्टा करील, याची धास्ती. तपासणीस साहेबांनी 'केटल' हा शब्द लिहावयास सांगितला, तो त्यांचा चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावले, की शेजाऱ्याच्या पाटीवर पाहा. पण मास्तर असे सांगतील हे या मुलाच्या डोक्यातच येईना. सगळ्या वर्गाचे बरोबर, एकट्या मोहनदासाचे चूक. आत्मचरित्रात हे त्यांनी तक्रारीच्या सुरात लिहिलेले नाही. आपल्या बावळेपणाकडे ते थोडेसे हसूनच पाहतात.

पण प्रत्येक शाळेची आठवण अशी हसून सांगता येत नाही. आमच्याच उज्जैनचे उदाहरण घ्या. गजानन माधव मुक्तिबोध हे आपल्यापैकीच घरातले. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिसात, बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाच्या शिक्षणाचे धागे वारंवार तुटत. १९३० साली ते उज्जैनहून मिडलच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. पुढे हिंदीचे एवढे मोठे कवी झाले, म्हणून त्या नापासीचा कोणी मजेदार किस्सा केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि आणखी एक शाळा आहे. महूला, म्हणजे आपल्या माळव्यातच, १८९१ साली जन्मलेले भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत गेले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी ते गोणपाट बगलेत मारून परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडून द्यायचा. शिपाई नाही, त्या दिवशी पाणी नाही. पुढे स्वतःच्या आयुष्यातील असे काही प्रसंग त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवले, त्यांत हा आहे. साधे, कोरडे लिहिले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना प्रथमच वाटले, की आपल्या शाळेच्या गमतींत वर्गाचा एक कोपरा कधी आलाच नव्हता.

माझ्या टोपीची गंमत सांगता येते, कारण ती टोपी मला काढता आली. सातवीत मी ती काढली, शेंडीही गेली, आणि निम्मा पंडितजी त्याच दिवशी नाहीसा झाला. माझे वेगळेपण हे घरच्या तेलाचे आणि भाषेचे होते. घरी परतल्यावर तेच तेल आणि तीच भाषा मला मायेची होती. ज्या मुलाचे वेगळेपण गावाने ठरवून दिलेले होते, त्याने काय काढून ठेवायचे? म्हणून 'आम्हीही शाळेत वाळीत पडलो होतो, बरे का' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा तो शब्द जपून वापरावा, असे मला वाटते. वाळीत पडणे आणि वर्गात बावळट ठरणे, या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत.

येथवर मी दुसऱ्यांविषयी बोललो. हा लेख लिहावयास बसलो त्याचे कारण मात्र घरातले आहे.

माझी नात सहावीत आहे. गेल्या महिन्यात ती शाळेतून आली ती तोंड पाडून. तिला वर्गात काही नाव ठेवले होते. कोणते, ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. तिला हसवावे म्हणून मी माझा सगळा माल काढला. शिक्षा झाली, चेष्टा झाली, पुण्याची बैठक झाली. ती हसली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोणाला नाव ठेवले होते?"

मी म्हणालो, "छे! मी तर सगळ्यांत शेवटचा. मी कोणाला नाव ठेवणार?"

हे खोटे होते.

पाचवीत आमच्या वर्गात एक मुलगा आला. मिलच्या चाळीत राहणारा, पायांत काही नसे. तो बोलताना अडखळत असे. पहिले अक्षर तीन-चारदा आपटे, मग शब्द सुटे. एके दिवशी त्याला धडा वाचावयास उभे केले. तो अडला. वर्गात शांतता होती. आमच्या वर्गात स्टेशनावरच्या गाड्यांचे आवाज येत असत. नेमके त्याच वेळी पलीकडे एक इंजिन जागचे हलू लागले. मी, ज्याने वर्षभर वर्गात आपणहून तोंड उघडले नव्हते, तो मागच्या बाकावरून म्हणालो, "इंजन!"

सगळा वर्ग फुटला. गुरुजीसुद्धा फळ्याकडे वळून हसले. मधल्या सुट्टीत मला प्रथमच कोणीतरी हाक मारली, "पंडितजी, इधर आओ." मधल्या बाकावर मला जागा मिळाली. त्या दिवशी माझा गुळांबा चार जणांनी वाटून खाल्ला आणि चांगला आहे म्हणाले. इतके सुख मला शाळेत त्यापूर्वी झाले नव्हते, हेही खरेच लिहिले पाहिजे.

त्या मुलाला पुढे कोणीच नावाने हाक मारली नाही. तो दिसला, की मुले शिट्टी वाजवीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. शाळा त्यामुळेच सोडली, की घरच्या अडचणीने, हे मी विचारले नाही. विचारण्यासारखा कोणी नव्हता असे नव्हे. चाळ शाळेच्या वाटेवरच होती.

'शिक्षा'ची गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली असेन. ही एकदाही सांगितली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की शाळेच्या गमतींतील आपली निवड ही अशी असते. आपण हसले गेलो ते सगळे आपल्याला तपशीलवार आठवते, कोटाच्या गुंड्यांसह; आपण हसलो ते मात्र कथेत येत नाही. ज्या घरांत दर बैठकीला दहा फजित्या सांगितल्या जातात, तेथे दहाही जण हसले गेलेलेच कसे असतात? हसणारे मग कोण होते? ते काही परगावाहून येत नसत.

म्हणून या आठवणी लिहू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. लिहाव्यात, सांगाव्यात, पोरांना हसवावे. आमच्या या जुन्या घरांत बोलली जाणारी अर्धी हिंदी, अर्धी मराठी अशा गोष्टींतूनच टिकून राहिली आहे. फक्त दहा गोष्टींत एक तरी गोष्ट आपण मधल्या बाकावर कसे बसलो याची असावी. ती सांगताना कोणी हसणार नाही, बैठक थोडा वेळ बिघडेल, बिघडू द्यावी. समोर बसलेल्या पोरांपैकी एखादे उद्या शाळेत कोणाला तरी नाव ठेवण्याच्या बेतात असेल, आणि त्याला आपल्या फजितीपेक्षा ही गोष्ट अधिक उपयोगाची आहे.

दोन दिवसांनी मी नातीला जवळ बसविले आणि सांगितले, की परवा मी खोटे बोललो. मग इंजिनाची गोष्ट सांगितली. तिने मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. संपल्यावर तिने एकच विचारले, "त्याचे खरे नाव काय होते, आजोबा?"

मिलचा भोंगा केव्हाच थांबला. वर्गातली मुलेही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यांतल्या दोघांना मी फोन केला. दोघांनाही तो लगेच आठवला. इंजन ना, म्हणाले, हो, हो, इंजन.

नाव कोणालाच आठवले नाही.