स्थिर दर आणि वृद्धांचा हिवाळा

ब्रिटनमधील ऊर्जा कंपन्या ग्राहकांना वर्ष-दोन वर्षांसाठी स्थिर दराच्या योजना देऊ करतात. त्यात स्थिर होतो तो युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार, बिल नव्हे. दिवसभर घरातच असणाऱ्या वृद्धाला थंडी वाढली की अधिक गॅस जाळावाच लागतो. काटकसरीने हीटर बंद ठेवला, तरी स्थिर आकार चुकत नाही. मुदतीपूर्वी योजना सोडल्यास बहुधा दंड!

तरीही वर्षातून एकदाच वाढणाऱ्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास या खात्रीचे मोल आहे, हे मान्य केले पाहिजे. योजना न घेतल्यास लागू होणारी, २०१९ साली आलेली कमाल दरमर्यादा ऑक्टोबर २०२२ पासून दर तीन महिन्यांनी बदलते. परंतु सौदा किफायतशीर ठरणार की नाही, हे भावी दरांवर अवलंबून. २०२१ मध्ये घाऊक गॅस भडकला तेव्हा वीसहून अधिक कंपन्या बुडाल्या. त्यांना न साधलेला अंदाज पंचाहत्तरीच्या विधवेने बांधावा, आणि त्यास निवडीचे स्वातंत्र्य म्हणावे!

दरम्यान, इंग्लंड व वेल्समधील बहुसंख्य वृद्धांचा दोन-तीनशे पौंडांचा हिवाळी इंधनभत्ता मजूर सरकारनेच २०२४ मध्ये काढून घेतला. ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना तो २०२५ मध्ये परत मिळाला. पण मधला एक हिवाळा त्यांना भत्त्यावाचून काढावा लागला.