जुने कुलूप, नवा पहारेकरी



या सदरात आपण बहुतेक वेळा घरखर्च, मुलांचे शिक्षण, आजारपण अशा विषयांवर बोलतो. आज थोडे संगणकावर बोलायचे आहे. ‘आमच्या घरी कुठला आला संगणक?’ असे म्हणून पान उलटू नका. ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याच्याही खिशाशी या गोष्टीचा संबंध आहे.

माझी पुतणी बोईसरला राहते. तिचा नवरा तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. महिन्यात सव्वीस दिवस काम मिळेलच याची खात्री नाही, म्हणून तिने लग्नानंतर डीटीपी शिकून स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर छोटा गाळा भाड्याने घेतला. लग्नपत्रिका, भीमजयंतीची पत्रके, वर्षावासाच्या कार्यक्रमपत्रिका, पुण्यानुमोदनाची पत्रे असे सगळे मॅटर ती लावते आणि ऑफसेटवाल्याकडून छापून आणते. पालघर, वाणगाव, डहाणूपर्यंतची आपली माणसे तिच्याकडे येतात, कारण गाथेतला अनुस्वार कुठे द्यायचा हे तिला सांगावे लागत नाही.

मागच्या वर्षी ऐन लग्नसराईच्या तोंडावर तिचा जुना संगणक बंद पडला. हप्त्यावर दुसरा घेतला. त्यात तिने आपले पंधरा वर्षे वापरातले मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर भरले आणि त्याचे डोंगल मागे लावले. डोंगल म्हणजे अंगठ्याएवढे कुलूप. ते लावलेले असेल तरच सॉफ्टवेअर चालते, म्हणजे कोणी फुकट नक्कल करू नये. हे डोंगल तिने रोख पैसे मोजून घेतले होते, चोरीचा माल नव्हता. पण नव्या संगणकाने ते ओळखलेच नाही. पडद्यावर एकच ओळ आली : सुरक्षेच्या कारणास्तव हे चालवता येत नाही.

मग सुरू झाली फोनाफोनी. डब्यावरचा नंबर मुंबईचा जुना, तो अस्तित्वातच नव्हता. दुसरा नंबर मिळाला. तिथे मराठीसाठी अमुक दाबा, इंग्रजीसाठी तमुक दाबा, मग वीस मिनिटे संगीत. शेवटी एक मुलगी बोलली. तिने तक्रारीचा क्रमांक दिला आणि दोन दिवसांनी उत्तर आले की तुमची आवृत्ती जुनी आहे, तिची सेवा बंद झाली आहे, नवी विकत घ्या. किंमत पुतणीच्या महिनाभराच्या कमाईएवढी. संगणक विकणाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, “मशीन चांगले आहे, सॉफ्टवेअरवाल्याला विचारा.” संगणकाच्या मदतकेंद्राला विचारले तर तेही तेच म्हणाले. गरीब माणूस दवाखान्यात या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतो, तसे झाले. इकडे तीन लग्नपत्रिकांची आगाऊ रक्कम घेतलेली.

चौथ्या दिवशी तिने मोबाइलवर शोधून ‘ग्राहक सेवा’ म्हणून दिसलेला एक नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. पलीकडचा माणूस हिंदीत अतिशय गोड बोलला. “दीदी, पाच मिनिटांचे काम आहे. संगणकाची सुरक्षा बंद करा. मी सांगतो ते ॲप मोबाइलवर घ्या, त्यात आलेला आकडा मला सांगा आणि नोंदणीचे फक्त दहा रुपये पाठवा.” चार दिवस कोणी नीट बोलले नव्हते, त्यामुळे तिला हा माणूस देवासारखा वाटला. सुरक्षा बंद केली, ॲपही उतरवले. शेजारी नववीतला मुलगा अभ्यास करत बसला होता. तो म्हणाला, “आई, दहा रुपयांसाठी त्याला आपला अख्खा मोबाइल कशाला बघायचाय?”

तिने फोन ठेवला. त्याच मोबाइलवर तिचे बँकेचे खाते होते आणि त्यात गिऱ्हाइकांनी दिलेली आगाऊ रक्कम होती.

संध्याकाळी तिने मला फोन केला. “काका, मी शिकलेली बाई, तरी अशी कशी फसत होते?” मी म्हटले, बाई, फसत होतीस ते अडाणीपणाने नाही, थकल्यामुळे. खरे मदतकेंद्र माणसाला दमवते आणि खोटे त्या दमलेल्या माणसाची वाट पाहत बसलेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसे मोजून घेतलेली वस्तू नवा संगणक नाकारतो कशी?

एमआयडीसीत काम करणाऱ्या बांधवांना हे चटकन समजेल. कंपनीच्या गेटवर पहारेकरी असतो. वर्षानुवर्षे येणारा कंत्राटदार सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पण एक दिवस नवा नियम येतो की प्रत्येक गेटपासवर अमुक अधिकाऱ्याची सही हवी. जुन्या कंत्राटदाराच्या पासवर ती सही नसते. माणूस चांगला असला तरी पहारेकरी त्याला थांबवतो. यात पहारेकऱ्याची चूक नाही आणि कामगाराचीही नाही. नवी सही आणण्याचे काम कंत्राटदाराचे होते.

संगणकात डोंगलशी बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर साध्या प्रोग्रॅमसारखा बाहेरच्या खोलीत बसत नाही. तो संगणकाच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसतो. म्हणून विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांनी व्हिस्टापासूनच ड्रायव्हरवर डिजिटल सही मागायला सुरुवात केली. २०१६ पासून नव्या ड्रायव्हरसाठी खुद्द मायक्रोसॉफ्टची सही लागू लागली. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये तपासणी आणखी कडक झाली, आणि फार जुने १६ बिटांचे प्रोग्रॅम तर त्यावर चालतच नाहीत. ज्या कंपन्यांनी आपले जुने ड्रायव्हर सुधारले नाहीत, त्यांची डोंगले गेटवरच अडकली.

ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मार्च महिन्यातच आली होती. अनेकांनी ती भरली नव्हती. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, दुसऱ्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. गाभ्यात बसलेला प्रोग्रॅम चुकला तर काय होते तेही आपण पाहिले आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणून ‘सुरक्षा बंद करा म्हणजे चालेल’ हा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. रासायनिक कारखान्यात उत्पादन अडते म्हणून सेफ्टी इंटरलॉक बायपास करणे म्हणजे काय, हे तारापूरच्या कामगाराला सांगायला नको.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. १४ ऑक्टोबर म्हटले की आपल्याला १९५६ सालची नागपूरची दीक्षाभूमी आठवते. २०२५ साली त्याच तारखेला विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० लाच संपली होती. ज्यांच्या दुकानात किंवा विहाराच्या कार्यालयात अजून असे जुने संगणक आहेत, त्यांनी निदान बँकेचे आणि सरकारी फॉर्मचे काम त्यांवर करू नये.

पुतणीपुढे मात्र पत्रिकांपेक्षा मोठा प्रश्न उभा होता. पालघरचे एक गृहस्थ तिच्याकडे आले. त्यांच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाचे पत्र बारा वर्षांपूर्वी तिनेच लावले होते. त्यात वडिलांचा जीवनपट होता : गाव कधी सोडले, गिरणीत कधी लागले, दीक्षा कधी घेतली. घरातली प्रत पावसात गेली होती. फाइल जुन्या हार्डडिस्कवर सापडली, पण उघडली तर मराठी नावाला नाही. इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि डॉलरच्या खुणा.

याचेही कारण आहे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर आपल्या काना, मात्रा, अर्धी अक्षरे बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. तो फॉन्ट गेला की मजकूर मुका झाला. युनिकोडमध्ये तसे होत नाही. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हाच त्यात देवनागरी होती आणि ती आपल्या देशाच्या ‘इस्की’ या मानकावरून घेतलेली होती. युनिकोडमध्ये ‘भ’ चा क्रमांक जगभर एकच. बोईसरला लिहिलेले नागपूरला, दुबईला, मोबाइलवर, कुठेही वाचता येते. त्यासाठी डोंगल लागत नाही आणि ‘मुक्ता’सारखे चांगले फॉन्ट फुकट मिळतात.

मग आम्ही असे केले. पहिले म्हणजे मोबाइलवरचे ते ॲप काढले, बँकेत जाऊन पासवर्ड बदलला आणि संगणकाची सुरक्षा पुन्हा चालू केली. जुना संगणक थोड्या पैशांत दुरुस्त झाला. त्याला इंटरनेट जोडायचे नाही, फक्त जुन्या फाइली उघडायच्या, असे ठरवले. जुना मजकूर फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून युनिकोडमध्ये आणला. तो जसाच्या तसा येत नाही. रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरे फुटतात. दोन रविवार विहारात बसून आम्ही चौघांनी प्रुफे तपासली. त्या गृहस्थांच्या वडिलांचा जीवनपट पूर्ण मिळाला. त्यांनी तो घरातल्या लहान नातीकडून मोठ्याने वाचून घेतला.

नवे काम पुतणी आता युनिकोडमध्येच करते. बोटांना नवा कळफलक बसायला महिना लागला. एक पत्रिका उशिरा झाली आणि तिचे पैसे तिला सोडावे लागले. सॉफ्टवेअर कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकले होते. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

तिच्यासारखीच अडचण ज्यांना येईल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मदतकेंद्राचा नंबर पावतीवर, डब्यावर किंवा बँकेच्या पासबुकावर पाहावा. मोबाइलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नये. कोणी स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले, ओटीपी विचारला किंवा सुरक्षा बंद करायला सांगितले, तर तिथेच फोन ठेवावा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितके पैसे सापडणे कठीण.

फोनवर भांडण्यापेक्षा लेखी तक्रार करावी. तारीख, बोलणाऱ्याचे नाव आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ‘धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही’ असे सांगून लोकांना परत पाठवले जाते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. डीटीपीचे दुकान, शिलाई मशीन, रिक्षा यांना ती लागू होऊ शकते. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अर्थात पंधरा वर्षे जुन्या सॉफ्टवेअरबद्दल आयोग काय म्हणेल हे छातीठोक सांगता येणार नाही. म्हणून नवी वस्तू घेतानाच विचारावे : सेवा किती वर्षे देणार? आणि ते पावतीवर लिहून घ्यावे.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की कोणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा. नववीतल्या त्या मुलाने वेगळे काय केले? त्याने एक साधा प्रश्न विचारला. आपल्या घरात मुलांना असे प्रश्न विचारू देत जा. ‘गप्प बस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’ असे त्या दिवशी त्याच्या आईने म्हटले असते, तर आज हे सदर वेगळे झाले असते.

एक विनंती करून थांबतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला आणि पुढे दादरला आपला छापखानाही चालवला. आपले म्हणणे आपल्या अक्षरांत छापले जावे याचे मोल त्यांना ठाऊक होते. आपल्या विहारांच्या स्मरणिका, मंडळांचे अहवाल, सभासदांच्या याद्या आज जुन्या फॉन्टमध्ये कुठल्या तरी बंद संगणकात पडून असतील. या वर्षावासात प्रत्येक विहाराने दोन तरुण या कामाला लावावेत आणि तो मजकूर युनिकोडमध्ये आणून त्याच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात. शिकायची तयारी असेल तर माझी पुतणी रविवारी दुपारी शिकवायला तयार आहे. तिने मला तसे छापायला सांगितले आहे.

जयभीम.