रडणारा प्रेक्षक कुणाच्या बाजूचा?

‘सिनेमातला छळ बघून बायका ढसाढसा रडतात, म्हणजे छळ वाईट हे समाजाला पटलेलंच आहे,’ असं आपल्या चळवळीतल्याही काहीजणी म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. प्रेक्षक कुणासाठी रडतो आणि कुणासाठी रडत नाही, हे आधी तपासायला हवं.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल यांच्या लक्ष्मीसाठी गावोगावच्या बायकांनी पदर ओले केले. बापानं अपशकुनी ठरवलेली ही मुलगी सासरचा छळ निमूट सोसते आणि अखेर मरते. ती सोशिक आहे, म्हणूनच ती आपली लाडकी. तिनं सासूला खडसावलं असतं, घर सोडून पोलीस चौकी गाठली असती, तर किती पदर ओले झाले असते? आपले अश्रू छळाविरुद्ध नव्हतेच. ‘चांगल्या’ बाईच्या वाट्याला छळ आला, याची ती हळहळ होती. मग ‘वाईट’ बाईच्या वाट्याला आला तर? तर तो योग्यच, हे न बोलता ठरलेलं.

१९९६च्या ‘अग्निसाक्षी’नं प्रेक्षकाची दुसरी सोय केली. त्यातला नवरा संशयानं पछाडलेला, माथेफिरू. नाना पाटेकरांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मारणारा म्हणजे राक्षस, असं एकदा ठरलं की थिएटरमधला प्रत्येक नवरा निर्धास्त होतो. शेजारी बसलेली बायकोही मनात म्हणते, ‘आमचे हे काही इतके वाईट नाहीत.’

२०२०च्या ‘थप्पड’मध्ये मात्र ना देवी, ना राक्षस. सुखवस्तू घर, कर्तबगार नवरा, चारचौघांत मारलेली एकच थप्पड आणि घटस्फोट मागणारी अमृता. इथं रुमाल बाहेर निघाले नाहीत, प्रश्न निघाले. ‘एवढ्यासाठी कुणी संसार मोडतं का?’ सिनेमातली माणसं अमृताला जे विचारतात तेच प्रेक्षकांनी विचारलं, आणि बायकांच्या तोंडूनही मी ते ऐकलं.

हा थिएटरपुरता प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सात कारणं पुढे ठेवून विचारलं होतं, यांपैकी कशासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य ठरतं? न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलट बोलणं, सासू-सासऱ्यांचा मान न राखणं वगैरे. देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका कारणाला होकार दिला. हाच आपला प्रेक्षक. तोच चौकीत तक्रार लिहून घेतो, पंचांत बसतो, माहेरच्या ओसरीवर लेकीची समजूत घालतो. मार खाऊन आलेल्या बाईला तो पहिला प्रश्न विचारतो, ‘तू काय केलं होतंस?’

समुपदेशनाला येणाऱ्या बायकांना हा प्रश्न पाठ असतो. म्हणून त्या वळ दाखवण्याआधी सांगतात, ‘ताई, मी सगळ्यांचं सगळं करते हो.’ आधी लक्ष्मी असल्याचा पुरावा, मग तक्रार. ज्यांना तो देता येत नाही, ज्या तापट आहेत, ज्यांनी परत हात उचलला, त्या येतच नाहीत. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा बाईकडे सोशिकपणाचा दाखला मागत नाही. मग आपण का मागावा?

मैत्रिणींनो, वस्तीत, बचत गटात सिनेमे जरूर दाखवा. पण दिवे लागल्यावर ‘किती सोसलं बिचारीनं’ यावर चर्चा संपू देऊ नका. विचारा, ही बाई भांडखोर असती, स्वयंपाक करत नसती, तिचं दुसऱ्या कुणावर मन असतं, तरी तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहिला असता का? तिथं जी शांतता पसरेल, तिथूनच आपलं काम सुरू होतं.