वेगाला कुंपण

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळं सोडणारा मासेमार काठावरून पाहिला, तर पाण्याच्या वर त्याचं जेमतेम अडीच-तीन फूट अंग दिसतं. पाठ वाकलेली, दोन्ही हात जाळ्यात, नजर पाण्यात. वाऱ्यानं पाणी थोडं हललं किंवा सकाळचं ऊन समोरून चमकायला लागलं की तेवढाही तो दिसेनासा होतो. आता याच पाण्यावर ताशी 120 किलोमीटरनं येणारी बोट डोळ्यांपुढं आणा. ती एका सेकंदात 33 मीटर कापते. चालवणाऱ्याला हा चप्पू शंभर मीटरवर दिसला, तर त्याच्या हाती तीन सेकंद उरतात. बोटीला ब्रेक नसतो. इंजिन बंद केलं तरी ती आपल्या जोरानं पुढं जातेच, आणि या वेगात एकदम वळवली तर उलटू शकते. चालवणारा कितीही तरबेज असला, तरी तीन सेकंदांचे सहा सेकंद करणं त्याच्या हातात नाही. म्हणून माझं म्हणणं असं की, पॉवरबोटची शर्यत किंवा चाचणी ज्या पाण्यावर होणार असेल, ते पाणी तेवढ्या वेळापुरतं बाकी सगळ्यांना बंद असलंच पाहिजे. आणि ते बंद करण्याचा खर्च, दगदग आणि जबाबदारी वेगानं जाणाऱ्यानं उचलली पाहिजे, हळू जाणाऱ्यानं नव्हे.

हिंगोली जिल्ह्यात पॉवरबोटची शर्यत ही आज तरी लांबची गोष्ट वाटेल. पण धरणांच्या पाण्याकडं पर्यटन म्हणून पाहायला राज्यात सुरुवात झाली आहे. सातारा जिल्ह्यात मुनावळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयावर 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झालं आणि जिथं होड्या चालायच्या तिथं स्पीडबोटी आल्या. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली आपल्या औंढा तालुक्यात सिद्धेश्वर, असे पाण्याचे दोन मोठे विस्तार आहेत. उद्या तिथं कुणी महोत्सव भरवायचं ठरवलं, तर ते पाणी रिकामं आहे असंच नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. रिकामं ते कधीच नसतं. मराठी मुलखात धरणाचा फुगवटा हा रस्ता असतो. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जात होती. उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी अशी प्रवासी बोट चालायची, ती 21 मे 2024 रोजी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. ही वाहतूक कुठल्या वेळापत्रकात छापलेली नसते, म्हणून ती नाही असं धरून चालता येत नाही.

वेगाला कुंपण नसलं की काय होतं, हे 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईच्या समुद्रात दिसलं. गेटवेहून घारापुरीकडं निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट उरणच्या बाजूला कारंजाजवळ होती. दुपारचे चार वाजायला आले होते. त्याच पाण्यात नौदलाच्या एका वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी चालली होती. त्या बोटीवरचं नियंत्रण सुटलं आणि ती नीलकमलवर आदळली. प्रवाशानंच काढलेली धडकेची चित्रफीत महाराष्ट्रात घरोघरी पाहिली गेली. लहान बोट पाण्यावर वळणं घेते आहे, प्रवासी कौतुकानं बघताहेत, आणि मग ती बोट वळून थेट समोर येते. कौतुकातून किंकाळीपर्यंत जायला काही क्षण लागतात, बस्स. पंधरा जणांचा जीव गेला, त्यात त्या वेगवान बोटीवरचेही होते. पुढचे कित्येक दिवस बोलणं झालं ते लाइफ जॅकेटचं आणि नीलकमलवरच्या जादा माणसांचं. बोटीला परवाना 84 प्रवाशांचा होता आणि वर शंभराहून जास्त होते, म्हणजे तो दोष खराच. जॅकेट सक्तीचं झालं तेही बरं झालं. पण त्या दिवशी धडक दिली ती गर्दीनं नाही. ज्या बोटीचं इंजिन कसं वागेल हेच तपासायचं आहे, ती प्रवासी बोटींच्या वाटेवर पळवायची का, हा पहिला प्रश्न होता. चाचणी याचा अर्थच असा की काहीतरी बिघडू शकतं हे आपण मान्य केलेलं आहे. मग ते बिघडेल तेव्हा समोर कोणी असू नये एवढी तजवीज आधी करायला हवी. शर्यतीलाही हेच लागू आहे, उलट जास्तच, कारण शर्यतीत यंत्र शेवटच्या टोकापर्यंत ताणलं जातं.

समुद्रावरच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 मध्ये ठरले. यांत्रिक बोटीनं मासेमारी करणाऱ्या आणि शिडाच्या होडीला वाट द्यायची, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. ज्याच्याकडं जोर जास्त, त्यानं बाजूला व्हायचं. गाववाटेवरही आपण हेच मानतो, डोक्यावर भारा असलेल्या बाईला मोटारसायकलवाल्यानं वाट द्यावी असंच म्हणतो. शर्यत चालू असताना मात्र हा नियम कुणालाच पाळता येत नाही. शर्यतीतला माणूस वाट द्यायला थांबला तर ती शर्यत उरत नाही. म्हणजे वाट देण्याचा धर्म ज्यानं काही वेळापुरता बाजूला ठेवलेला आहे, अशा माणसाला पाण्यावर सोडायचं तर त्याच्यासमोर वाट देण्याजोगं कुणी असताच कामा नये. बंदी म्हटली की श्रीमंतांच्या खेळासाठी गरिबाला हाकलणं असं वाटतं. मला ती उलट वेगवान बोटीवरची बंदी वाटते. तिनं आखलेल्या चौकटीत, दिलेल्या वेळेत पळावं, त्या बाहेर एक फूटही नाही.

याची उदाहरणं परदेशात शोधायला नकोत. महाबळेश्वरातून निघणारी कृष्णा पुढं विजयवाड्याला पोचते, तिथं पुन्नमी घाटासमोर 16 ते 18 नोव्हेंबर 2018 या तीन दिवसांत फॉर्म्युला वन पॉवरबोटच्या जागतिक स्पर्धेची फेरी झाली. ताशी 200 किलोमीटरच्या पुढं जाणाऱ्या या बोटी नदीतच धावल्या. अशा शर्यतीत पाण्यावर बोया टाकून मार्ग आखलेला असतो आणि पाणबुड्यांसह बचावाच्या बोटी तयार असतात. आता त्याच परिसरातली एक वर्ष आधीची गोष्ट पाहा. 12 नोव्हेंबर 2017 रोजी पवित्र संगमाजवळ एक पर्यटक बोट उलटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. तिथं वेगही नव्हता आणि शर्यतही नव्हती, पण कोणती बोट पाण्यात आहे, तिच्यात किती माणसं आहेत, यावर कुणाची नजर नव्हती. एकाच नदीवरच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आखणीची किंमत कळते. केरळात आलप्पुळाला पुन्नमडा सरोवरात 1952 पासून नेहरू ट्रॉफीच्या होड्यांची शर्यत होते. त्या होड्या वल्ह्यांच्या, वेग माणसाच्या दंडातला, तरी शर्यतीच्या दिवशी तो जलमार्ग इतर बोटींना बंद असतो. वल्ह्यांच्या शर्यतीला जर एवढी काळजी लागते, तर इंजिनाच्या शर्यतीला किती लागेल?

आणि पाणी नुसतं बंद केलं म्हणजे काम झालं, असंही नाही. 13 जून 1930 रोजी इंग्लंडातल्या विंडरमिअर तळ्यावर वेगाचा विक्रम करताना हेन्री सेग्रेव्ह गेले. त्यांची बोट पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर आदळली असावी, असं मानलं जातं. 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन तळ्यावर असाच विक्रम करू पाहताना डोनाल्ड कॅम्पबेल गेले. पहिल्या फेरीनं उठलेल्या लाटा शांत व्हायची वाट न पाहता ते परतीला निघाले, हे त्या अपघाताच्या कारणांत नेहमी सांगितलं जातं. दोन्ही वेळा समोर दुसरी बोट नव्हती. ओंडका आणि स्वतःचीच लाट एवढं पुरेसं झालं. आपल्या धरणांत तर बुडालेल्या शेतांतली झाडांची खुंटं, जुन्या विहिरींचे कठडे, बांध पाण्याखाली असतात. पाणी भरलेलं असताना ती खोल असतात, उन्हाळ्यात पातळी उतरली की हातभर पाण्याखाली येतात. हे सगळं कुठं कुठं आहे ते तिथल्या मासेमाराला पाठ असतं, आयोजकाला नसतं. जो माणूस पाण्यातून बाहेर काढायचा, त्यालाच आधी विचारायला हवं.

पाणी बंद करण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप पोटाचा आहे. एक दिवस पाणी बंद म्हणजे मासेमाराच्या घरात एक दिवसाची कमाई नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. राज्यातल्या धरणांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिली जाते. पैसे भरून घेतलेल्या हक्काच्या पाण्यातून त्यांना बाहेर ठेवायचं, तर ती सरकारची किंवा आयोजकाची मेहरबानी होऊ शकत नाही, ती मासेमारांनी दिलेली सवलत असते, आणि सवलतीचं मोल मोजावं लागतं. शिवाय मासेमारीचा दिवस आदेशातल्या दिवसासारखा सकाळी दहाला सुरू होत नाही. जाळी संध्याकाळी लावतात, पहाटे उचलतात. शर्यत शनिवारी असेल तर बंदी शुक्रवारी संध्याकाळीच लागू झालेली असते, कारण पाण्यात राहिलेलं जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं तर जाळंही जातं आणि बोटही. म्हणून भरपाई हिशोबायची ती एका दिवसाची धरून चालणार नाही, रात्रही धरावी लागेल. ही रक्कम संस्थेकडं शर्यतीच्या आधी जमा व्हावी. नंतर देतो म्हटलेल्या पैशांचं काय होतं, हे अतिवृष्टीच्या अनुदानाची वाट पाहिलेल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

बंदीचा आकारही लहान ठेवता येतो. अमेरिकेत ओहायो नदीवर मॅडिसन गावी पॉवरबोटच्या शर्यती होतात. ती नदी मालवाहू तराफ्यांचा मोठा रस्ता आहे, ती आठवडाभर अडवली तर व्यापार थांबेल. म्हणून तिथलं तटरक्षक दल कोणत्या मैलापासून कोणत्या मैलापर्यंत, कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत वाहतूक बंद, हे आधी जाहीर करतं, आणि मधे कुणाला जायचंच असेल तर गस्तीच्या प्रमुखाची परवानगी घेऊन जाता येतं. ‘संपूर्ण जलाशय तीन दिवस बंद’ असा आदेश काढणं सोपं आहे, कारण त्याला विचार करावा लागत नाही. ‘अमुक गावच्या घाटापासून तमुक टेकडीपर्यंत, सकाळी नऊ ते बारा’ असा काढायला पाण्यावर जाऊन बोया टाकाव्या लागतात.

दुसरा आक्षेप असा येईल की एवढं रुंद पाणी आहे, काठानं एक पट्टा मोकळा ठेवा, मासेमार तिथून जातील. आक्षेप बरोबर वाटतो, पण वेगवान बोट नियंत्रणाबाहेर गेली की कुठल्या दिशेला जाईल हे आधी सांगता येत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणासाठी हा पट्टाही रिकामा हवा असतो. शंकरपटाचंच बघा. बैल बिथरले की धावपट्टी सोडून गर्दीत शिरतात, म्हणून माणसं लांब ठेवायची असतात. सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 रोजी बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवला, तोही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नियम यांच्यासकट. तेव्हा कुणी म्हटलं नाही की पट नियमांत बांधला म्हणजे तो मेला.

मग शर्यतच नको, असं म्हणणारेही आहेत, आणि धरणाचं पाणी पिण्याचं आणि शेतीचं आहे या त्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. तेलाचा तवंग सोडणारी इंजिनं पिण्याच्या पाण्यावर नकोच, त्याबाबत मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण सरसकट बंदी घातली की स्पीडबोटी थांबतात असं नाही. त्या परवानगीशिवाय, जाहीर न करता, सुट्टीच्या दिवशी भर गर्दीत पळतात. जाहीर शर्यतीचा निदान दिवस आणि तास आधी कळतो.

कायद्याची साधनं हाताशी आहेत. अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 साली नवा झाला. बेदरकारपणे नौका चालवण्याला 1860 च्या कायद्यापासून शिक्षा आहे, आता ते भारतीय न्याय संहितेचं 282 वं कलम आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रतिबंधाचा आदेश जिल्हाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 व्या कलमाखाली काढू शकतात. अडचण पाणी नेमकं कुणाचं यात आहे. धरण जलसंपदा विभागाचं, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, बंदोबस्त पोलिसांचा, आणि येलदरीच्या 22.5 मेगावॉटच्या वीज केंद्राची जनित्रं चालू झाली की खाली सिद्धेश्वरात पाणी येतं ते वेगळंच. आदेशावर या सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि त्या दिवशी पाणी सोडणार की नाही हे लेखी हवं. दवंडी काठच्या प्रत्येक गावात निदान दोनदा फिरायला हवी, कारण मोबाइलवर आलेला आदेश चप्पूवर पोचत नाही. आणि पाणी पुन्हा खुलं करण्याची वेळ घड्याळावर ठरवू नये. शेवटची बोट काठाला लागली, लाट बसली, फुटलेले फायबरचे तुकडे आणि बोया उचलून झाल्या, की मच्छीमार संस्थेचा माणूस बचावाच्या बोटीतून एक फेरी मारेल. त्यानं हात वर केला की चप्पू पाण्यात जातील, त्याआधी नाही.