आकाश उत्तम, पण किती उंचीवर?

2004 साली अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पठारावरून एक आकडा आला आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी कान टवकारले. आकडा होता 0.27 विकला. 'डोम सी' नावाच्या, सुमारे 3,200 मीटर उंचीच्या ठिकाणी ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या स्वयंचलित उपकरणांनी तो टिपला होता. 'नेचर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. चिली किंवा हवाई बेटांवरच्या नामांकित वेधशाळांत हाच आकडा साधारणपणे 0.6 ते 0.8 असतो आणि तो जितका लहान, तितके आकाश दुर्बिणीसाठी चांगले. साहजिकच पृथ्वीवरची सर्वोत्तम वेधशाळा अंटार्क्टिकात उभी राहणार, अशी आशा बळावली. आकडा खोटा नव्हता. पण त्याला एक अट चिकटलेली होती. तो जमिनीपासून 30 मीटरच्या वर असलेल्या हवेचा होता. शोधनिबंधात ही अट स्पष्ट लिहिली होती. पण आकडा तोंडोतोंडी होतो तेव्हा अट मागे राहते.

ही अट किती महाग पडते, हे कळण्यासाठी आधी आकड्याचा अर्थ पाहायला हवा. तारा स्वतः लुकलुकत नाही. त्याचा प्रकाश वाटेतल्या थंड-गरम हवेच्या भोवऱ्यांतून येताना थरथरतो. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यापलीकडचे दृश्य हलताना दिसते, तसाच हा प्रकार. त्यामुळे दुर्बिणीत ताऱ्याचा नेमका बिंदू न दिसता पसरट ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्याची रुंदी विकलांत मोजतात. एका अंशाच्या 60 कला आणि एका कलेच्या 60 विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढी एक विकला. ठिपका निम्मा झाला, तर अंधूक तारे टिपण्याच्या कामी तीच दुर्बीण दुप्पट व्यासाच्या आरशाइतकी उपयोगी पडू लागते. चांगली जागा सापडणे म्हणजे मोठा आरसा फुकटात मिळण्यासारखे आहे.

ध्रुवीय पठाराकडे लक्ष जाण्याची कारणे भक्कम आहेत. पावसाळ्यात मुंबईवरच्या हवेतली सगळी वाफ पाणी होऊन जमिनीवर पसरली, तर 50 मिलिमीटरहून जास्त थर साचेल. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही. अंटार्क्टिकाचे कुप्रसिद्ध वारे असतात ते किनाऱ्याकडे. थंड, जड हवा उतारावरून घरंगळत जाते आणि वाटेत वेग घेते. पठाराच्या माथ्यांवर, म्हणजे ज्यांना 'डोम' म्हणतात तिथे, उतारच जवळजवळ नसल्याने वारा मंद असतो. त्यात भर म्हणून कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही.

पण घोडे पेंड खाते ते जमिनीलगत. सूर्य नसताना बर्फ आपली उष्णता आकाशात टाकत राहतो आणि बर्फाला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होते. थंडीतल्या पहाटे गावावर धुराचा पट्टा खालीच रेंगाळतो, त्यामागेही हेच कारण असते. या दोन हवा जिथे एकमेकींत मिसळतात, तिथे प्रकाश सर्वाधिक थरथरतो. 2004 च्या मोजणीत जमिनीजवळची हवा तपासण्यासाठी वापरलेले ध्वनिलहरींचे उपकरण 30 मीटरच्या खालचे पाहूच शकत नव्हते. पुढच्याच वर्षी डोम सी येथील फ्रेंच-इटालियन 'कॉन्कॉर्डिया' केंद्रात माणसे प्रथमच हिवाळाभर राहिली. त्यांनी उपकरणे बांधलेले फुगे सोडले आणि साडेआठ मीटर उंचीवर ठेवलेल्या लहान दुर्बिणीतून तारे पाहिले. ठिपका निघाला सुमारे 1.3 विकला, म्हणजे जवळपास पाचपट पसरट. बहुतेक सगळी खळबळ जमिनीलगतच्या 36 मीटरांत कोंडलेली होती.

दोन्ही मोजण्या बरोबर होत्या. आकाश तेच होते, फरक फक्त उंचीचा. पण दुर्बीण बसवायची असते जमिनीवर किंवा जमिनीवरच्या मनोऱ्यावर. उणे 60-70 अंशांच्या थंडीत 30 मीटर उंच मनोरा बांधायचा, तोही इतका ताठ की वाऱ्याने तसूभर हलू नये, हे काम दुर्बीण घडवण्याइतकेच अवघड. ऑस्ट्रेलियात 'पायलट' नावाच्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी नेमका असाच आराखडा तयार झाला होता. ती दुर्बीण कधी उभी राहिली नाही.

खरे तर हा धडा त्याआधीच मिळालेला होता. दक्षिण ध्रुवावर 1990 च्या दशकात फुग्यांनी केलेल्या मोजण्यांत जमिनीलगतच्या खळबळीचा थर 200 मीटरहून जाड निघाला आणि ठिपका 1.8 विकलांच्या पुढे गेला. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीसाठी ही जागा नापास झाली. मात्र तिथल्या कोरड्या हवेची मोजणी विश्वाच्या आरंभकाळातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींसाठी अप्रतिम ठरली. या लहरींना खालच्या थराची खळबळ फारशी बाधत नाही. त्यांना नडते ती हवेतली वाफ. म्हणूनच ध्रुवावर 10 मीटर व्यासाची 'साउथ पोल टेलिस्कोप' उभी राहिली आणि 2007 पासून ती काम करते आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराची जी प्रतिमा 2022 मध्ये जगाने पाहिली, तिच्यात या दुर्बिणीचाही वाटा होता. नापास झालेली जागा दुसऱ्या विषयात पहिली आली, आणि हे कळले ते केवळ मोजल्यामुळे.

'सहा महिन्यांची रात्र' हेदेखील असेच अर्धसत्य. डोम सी 75 अंश दक्षिणेला आहे. तिथे 21 जूनला, म्हणजे हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, सूर्य दुपारी क्षितिजाखाली जेमतेम साडेआठ अंश असतो. पूर्ण काळोखासाठी तो 18 अंश खाली जावा लागतो. म्हणजे रोज दुपारी काही तास संधिप्रकाश आलाच. प्रत्यक्ष ध्रुवावरही गडद अंधार टिकतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, सुमारे 80 दिवस. शिवाय ध्रुवावर तारे उगवत नाहीत की मावळत नाहीत, त्यामुळे आकाशाचा उत्तरेकडचा अर्धा भाग तिथून कायमचा झाकलेला. आकाशगंगेच्या केंद्राकडे अखंड पाहू शकणाऱ्या त्याच दुर्बिणीला एम87 या दीर्घिकेतले, 2019 च्या गाजलेल्या छायाचित्रातले कृष्णविवर दिसूच शकत नाही. म्हणून 'सर्वोत्तम जागा कोणती?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या कामासाठी?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. डोम सी येथे अखेर रुळली ती 40 सेंटिमीटरची 'अ‍ॅस्टेप' ही लहानशी दुर्बीण. दूरच्या ताऱ्यांसमोरून जाणारे ग्रह हेरण्यासाठी तिला लांबलचक रात्रींचा फायदा होतो. अतितीक्ष्ण प्रतिमेवाचून तिचे अडत नाही.

2020 मध्ये पुन्हा एक आकडा आला, या वेळी 'डोम ए' येथून. सुमारे 4,090 मीटर उंचीचा हा माथा किनाऱ्यापासून बाराशे किलोमीटरहून दूर आहे. चीनच्या 'कुनलुन' केंद्रावर हिवाळ्यात कोणी राहत नाही. आठ मीटर उंचीवरच्या दोन लहान दुर्बिणी 2019 च्या हिवाळ्यात कोणाच्याही मदतीशिवाय चालल्या आणि त्यांनी 0.31 विकला हा मध्यक नोंदवला. उत्तम क्षणी तर 0.13. मात्र या शोधनिबंधाने अट आकड्याच्या शेजारीच मांडली. हा मध्यक दुर्बिणी खळबळीच्या थराच्या वर असतानाचा आहे, आठ मीटर उंचीवर अशी स्थिती साधारण 31 टक्के वेळ मिळते आणि त्या थराची जाडी मध्यमानाने 14 मीटर आहे. किती उंचीवर, किती वेळ आणि कशाने मोजले, हे तिन्ही एका दमात सांगितले की आकडा लहान होत नाही. उलट त्यावर पैसे लावता येतात.

जागा मोजण्याच्या या कामाला मान मिळत नाही, ही खरी अडचण आहे. दुर्बिणीचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. खांबावर बसवलेल्या तापमापकाचे उद्घाटन कोणी करत नाही. एका हिवाळ्याची नोंद पुरत नाही, उपकरणांवर हिमकण साचतात, एखादे इंजिन बंद पडले की अख्खा हंगाम हातचा जातो. 'ही जागा चालणार नाही' हे उत्तर मिळाले, तर ते छापायलाही फारसा कोणी उत्सुक नसतो. वास्तविक ते उत्तर सर्वांत किफायतशीर असते, कारण चुकीच्या ठिकाणी उभी राहणारी एक दुर्बीण त्याने वाचते. मोजणीचा खर्च दुर्बिणीच्या खर्चापुढे किरकोळ असतो. तो टाळणे म्हणजे विहीर खणण्याआधी पाणी न पाहणे.

भारतालाही हे लागू आहे. अंटार्क्टिकात भारताची 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रे चालतात आणि त्यांचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून पाहिला जातो. 'केंद्रे आहेतच, तर तिथे दुर्बीणही बसवू' असे कोणाला वाटले, तर त्याने आधी नकाशा पाहावा. दोन्ही केंद्रे खंडाच्या कडेला, घसरत्या वाऱ्यांच्या पट्ट्यात आहेत. शांत पठार तिथून शेकडो किलोमीटर आत आहे. तिथे केवळ झेंड्यासाठी दुर्बीण नेण्यात अर्थ नाही. पठारावर काम करणाऱ्या देशांबरोबर मोजणीची उपकरणे आणि नोंदी यांत भागीदारी करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आणि चांगले उदाहरण तर घरातच आहे. लडाखमधील हानले हे 4,500 मीटर उंचीचे ठिकाण 1990 च्या दशकातल्या पाहणीनंतर निवडले गेले. 2000 साली तिथल्या दोन मीटरच्या दुर्बिणीने पहिला प्रकाश टिपला, आणि ती चालवली जाते बंगळूरुजवळच्या होसकोटेहून. त्याच परिसरात 2024 मध्ये गॅमा किरणांसाठीच्या 'मेस' दुर्बिणीचे उद्घाटन झाले. आधी नीट पारखलेली एक जागा अशी पंचवीस वर्षे फळ देते आहे. हिमालयात आता आणखी मोठ्या दुर्बिणींचे बेत आहेत. त्यांच्यासाठी जागा ठरवताना सगळ्या ऋतूंच्या नोंदी हव्यात, पावसाळ्याच्या आणि ऐन थंडीच्याही. त्या सर्वांना पाहता येतील अशा खुल्या हव्यात आणि नकारात्मक निष्कर्षही त्यांत दिसायला हवेत. घोषणा त्यानंतर व्हावी. आकाश कसे आहे, हे घोषणेने ठरत नाही. कोणीतरी थंडीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या खांबावरच्या उपकरणानेच ते ठरते आणि त्या खांबाची उंची लिहून ठेवलेली असावी लागते.