सुट्टीचा शेवटचा रविवार आणि प्रकल्पवही

शिक्षक मित्रहो, सुट्टीचा अभ्यास देताना शेवटच्या शनिवार-रविवारचा विचार आपण करतो का? मी तरी कधी केला नव्हता.

यंदा मृगाच्या आधी माझे दोन भाऊ, बहीण, त्यांची मुलं असे सगळे आमच्याकडे जमले. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. पोरं पंख्याखाली सतरंजीवर आडवी, आणि सहावीत जाणाऱ्या माझ्या मुलाला मी प्रकल्पवही देऊन कोपऱ्यात बसवलेलं. आई म्हणाली, "अरे, सोड की त्याला. लोणच्याला हात हवेत."

मग सगळी पोरं कैरीच्या फोडी पुसायला बसली. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. मीठ एवढं का, तर त्याने फोडींना पाणी सुटतं आणि लोणचं टिकतं. आजीने हे एकदाच सांगितलं, तेही हात न थांबवता. (आपण यावर दोन तासिका घेतो!)

फोडी ५ किलो, घरं ४. मुलाने झटकन १.२५ सांगितलं. आजी म्हणाली, "म्हणजे सव्वा-सव्वा."

"सव्वा म्हणजे?"

शिक्षकाच्या घरात हा प्रश्न! लाज वाटली. संध्याकाळभर आत्याने त्याला पावणेदोन, अडीच, औट यांत घोळवलं.

सुट्टीत अभ्यास नकोच, असं माझं म्हणणं नाही. पण मे महिन्यातच संपेल एवढाच द्यावा. पालकांनीही हे दोन दिवस चित्रं चिकटवण्यात घालवू नयेत. ती कोण चिकटवतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

मुलाची वही अर्धीच राहिली आहे. त्याच्या बाईंना चिठ्ठी मी लिहून देणार आहे.